डीएमने पडद्याआड पडलेलं दान बदलावं का?

सोंगटी

गेले पंधरा दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतेय. इथे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणारे आणि खेळवणारे बरेच आहेत. जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. राक्षस, गावकरी, हवामान, सगळं त्याच्याकडे. तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. डीएमपुढे पुठ्ठ्याचा पडदा असतो आणि त्याचे फासे त्या पडद्यामागे पडतात. काय पडलं ते फक्त त्यालाच दिसतं. वीस पडले आणि त्याने तोंडाने बारा सांगितले, तर बारा. याला सगळे फज करणं म्हणतात.

आमचा गट कोथरूडला माझ्या घरी एक रविवार सोडून बसतो. मी डीएम, पाच खेळाडू. पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. कॅम्पेनला, म्हणजे सलग चालणाऱ्या कथेला, चौदा महिने झाले, पार्टी (खेळाडूंची पात्रं) सातव्या लेव्हलला आहे.

पहिल्या सेशनला गुहेत बगबेअर होता, एक केसाळ दांडगा राक्षस. माझा मावसभाऊ विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळतो, पात्राचं नाव मैनाक. पहिली लेव्हल, सात हिट पॉइंट, म्हणजे तेवढाच जीव. मी बगबेअरचा फासा टाकला आणि वीस आले. वीस म्हणजे क्रिट, सर्वांत जबर फटका, आणि त्यात नुकसानीचे फासे दुप्पट, म्हणजे आठ बाजूंचे चार. पाच, सहा, तीन, सात. एकवीस आणि वरचे दोन, तेवीस. नियम असा आहे की शून्यावर आल्यावर जे नुकसान उरतं, ते पात्राच्या एकूण हिट पॉइंटइतकं किंवा जास्त असेल तर पात्र जागीच मरतं. डेथ सेव्ह, म्हणजे शून्यावर पडल्यावर जगण्यासाठी टाकायचे फासे, तेसुद्धा मिळत नाहीत. मैनाकचे सात गेले, उरले सोळा. मेला.

तो पहिल्यांदाच खेळत होता. त्याआधी तीन आठवडे मैनाकचं आजोळ, त्याचा गुरू, गुरूशी झालेलं भांडण असं सगळं वहीत लिहीत बसला होता, सहा पानं. खेळात त्याचा जेमतेम एक स्पेल (मंत्र) टाकून झाला होता. मी पडद्यावरून बघितलं तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. मी म्हटलं, "लागला. अकरा." बगबेअरच्या रकान्यात सरासरी नुकसान अकरा छापलेलं असतं, तेच तोंडात आलं. मैनाक नुसता बेशुद्ध पडला, क्लेरिकने, म्हणजे बरं करणाऱ्या पुजाऱ्याच्या पात्राने, धावत जाऊन उठवलं, आणि पुढच्या फेरीत मैनाकनेच स्लीप हा झोपवणारा स्पेल टाकून बगबेअरला आडवा केला. घरात एवढा आरडाओरडा झाला की वरच्या मजल्यावरच्या काकू बघायला आल्या.

मला प्रत्येक फासा वहीत टिपायची सवय आहे. त्या पानावर मी लिहिलं होतं: "२०!! ५ ६ ३ ७ = २३. सांगितले ११."

पंधरा दिवसांपूर्वी एका लोहाराचं नाव कुणालाच आठवेना. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते, तिथूनच म्हटलं, जुन्या वहीत बघ. परत आले तर भाऊ त्या पानावर बोट ठेवून बसलेला. "ताई, म्हणजे मैनाक पहिल्याच दिवशी मेला होता ना?"

सेशन त्याने पूर्ण खेळलं. रात्री मेसेज आला की पुढच्या वेळी जमणार नाही.

मी हे मनाने केलं नव्हतं. २०१४च्या डीएमच्या पुस्तकातच लिहिलंय की लागोपाठ दोन क्रिट येऊन पात्र मरत असेल तर दुसरा क्रिट साधा करा, हवं तर हुकवा. फक्त वारंवार करू नका आणि खेळाडूंना कळू देऊ नका. १९७९च्या पुस्तकात खुद्द गॅरी गायगॅक्सनेही, म्हणजे या खेळाच्या एका निर्मात्यानेही, डीएमला फाशांवर मात करायचा हक्क दिला होता. मग मला इतकं वाईट का वाटतंय? आणि आता काय करू?

---

तेलवात

तुम्ही प्रेमापोटी केलंत हे दिसतंय, तरी स्पष्ट लिहितो, कारण तुम्ही विचारलंय.

मी नागपूरला जुन्या पद्धतीचे खेळ खेळवतो. सगळे फासे उघड्यावर पडतात आणि पडदा मी वापरतच नाही. कारण साधं आहे. खेळाडूच्या हातात एकच गोष्ट असते, निर्णय. बगबेअरवर चालून जायचं की मागे सरायचं, स्पेल आत्ता वापरायचा की राखून ठेवायचा. समोरचा धोका खरा असेल तरच त्या निर्णयाला अर्थ आहे. तुम्ही फासा बदललात की त्याने घेतलेला निर्णय चांगला होता की वाईट, हे ठरायचं राहून जातं. पुढे तो जिंकला तरी ते जिंकणं त्याचं आहे की तुमचं, हे त्याला कधीच कळणार नाही. आज त्याला नेमका हाच प्रश्न पडलाय.

गायगॅक्सबद्दल एक. तुम्ही म्हणता तो हक्क त्याने दिला आहे, पण तो उतारा पुढेही वाचा. खेळाडूने सगळं नीट केलं आणि निव्वळ विचित्र फाशामुळे पात्र मरत असेल, तर तो काय सुचवतो? बेशुद्ध पाडा, हात किंवा पाय तोडा, एक डोळा घालवा. म्हणजे जीव वाचवला तरी किंमत घेतलीच, आणि ती सगळ्या टेबलाला दिसते. मैनाक त्या गुहेतून एक हात गमावून बाहेर आला असता तर गेले चौदा महिने तो हात नसणं त्या पोराच्या अभिमानाची गोष्ट झालं असतं.

अजून एक मुद्दा फारसा कुणी मांडत नाही. जुन्या नियमांत उघडा फासा झेपायचा, कारण लढाई टाळायच्या सोयी नियमांतच होत्या. १९८१च्या बेसिक पुस्तकात राक्षस भेटला की आधी दोन फासे टाकून त्याचा कल बघायचा. दोन आले तर तो सरळ अंगावर येतो, बारा आले तर दोस्ती करतो, मधे सगळ्या छटा. शिवाय प्रत्येक राक्षसाला मोरॅलचा, म्हणजे धीराचा, आकडा असायचा. सोबतचा पहिला मेला किंवा निम्मे पडले की मोरॅल तपासायचं, आकड्याच्या वर गेलं की राक्षस पळ काढतात. पाचव्या आवृत्तीत मोरॅल उरलं ते डीएमच्या पुस्तकातल्या एका ऐच्छिक नियमापुरतं, बहुतेकांना तो माहीतही नसतो. त्यामुळे दोन्ही बाजू शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढतात आणि मग डीएमला पडद्याआड हात घालावा लागतो. दुखणं लढाईच्या रचनेत आहे आणि उपचार फाशावर चाललाय.

---

परसदार

तेलवात, तुमचं पटतंय, पण ते मोठ्यांच्या टेबलाबद्दल आहे. माझं टेबल वेगळं आहे, म्हणून मी दुसऱ्या बाजूने लिहिते.

आम्ही न्यू जर्सीत असतो. शनिवारी सकाळी माझ्या घरी सहा मुलं येतात, नऊ ते अकरा वर्षांची. घरी मराठी ऐकतात पण उत्तर इंग्रजीत देतात. या खेळात मात्र मी एक नियम केला: पात्राने मराठीत बोलायचं. त्यासाठीच सगळा खटाटोप. एक मुलगा जो एरवी "हो आजी" याच्यापुढे जात नाही, तो मागच्या महिन्यात ट्रोलशी दहा मिनिटं घासाघीस करत होता, "एवढे पैसे नाहीत आमच्याकडे, अर्धे घे आणि पूल ओलांडू दे." मी कोपऱ्यात बसून डोळे पुसत होते.

त्या मुलाने ट्रोलला पटवायचा फासा टाकला. तो त्याचा होता, उघडा होता, पडले सोळा. माझा फासा पडद्याआड होता, एकोणीस. मी नऊ सांगितले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नऊच सांगेन. दहा मिनिटं तो मराठीत बोलला आणि मी त्याला सांगू की ट्रोलने ऐकलं नाही? तो परत तोंड उघडणार नाही.

सोंगटी, तुमचा भाऊ त्या दिवशी नवखा होता. पहिल्या दिवशी सायकलवरून पडणाऱ्या मुलाला आपण मागून धरतोच. मला तुमचं काही चुकलं असं वाटत नाही.

---

तेलवात

सायकलचं उदाहरण चांगलं आहे, पण मागून धरलंय हे मुलाला माहीत असतं. "सोडू नकोस हं" असं तोच ओरडत असतो.

ट्रोलच्या बाबतीत मी फासा टाकलाच नसता. मुलगा दहा मिनिटं इतकं छान बोलला, तर पूल ओलांडू द्यायचा, फाशाला विचारायचंच कशाला? तुम्ही मनात आधीच हो म्हटलेलं होतं.

---

परसदार

हे मात्र मी विचारात घेतलं नव्हतं. पण समोरचं मूल फासा हातात घेऊन उभं असतं, त्याला फासा टाकायचाच असतो हो. तोच तर आनंद आहे.

---

संभाव्य

आकडेमोड करून बघितली, कारण "निव्वळ विचित्र फासा" हे शब्द मला इथे पटले नाहीत.

बगबेअरला हल्ल्यात अधिक चार असतात. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचा एसी, म्हणजे फटका लागायला गाठावा लागणारा आकडा, बारा धरू. म्हणजे आठ किंवा जास्त पडले की लागतो, वीसपैकी तेरा वेळा, ६५ टक्के. त्यातला एक क्रिट, बारा साधे. सात हिट पॉइंटच्या पात्राला जागीच मारायला चौदा नुकसान पुरतं. साध्या फटक्यात आठ बाजूंचे दोन फासे आणि वर दोन, म्हणजे दोन फाशांवर बारा किंवा जास्त हवेत. ६४ पैकी १५ शक्यता, साधारण २३ टक्के. क्रिट असेल तर चार फाशांवर बारा हवेत, ते ९२ टक्के वेळा येतात. सगळं एकत्र केलं तर बगबेअरच्या प्रत्येक फटक्याला मैनाक जागीच मरण्याची शक्यता सुमारे १९ टक्के होती. किमान बेशुद्ध पडण्याची ५९ टक्के.

१९ टक्के म्हणजे जवळजवळ पाचात एक. याला विचित्र फासा म्हणता येत नाही. ही लढाईच तशी होती, फाशाने फक्त ते दाखवून दिलं. सोंगटी, तुम्ही वीसच्या फाशाला दोष देताय, पण त्या रात्री क्रिट आला नसता तरी साध्या फटक्यातसुद्धा तो मरण्याची वेळ येऊ शकली असती. मग तेव्हाही बदलला असतात का?

उपाय फासा टाकायच्या आधी होते. बगबेअरच्या हाती गदेऐवजी साधी काठी द्यायची. दुसऱ्या लेव्हलपर्यंत त्याला गुहेत आणायचंच नाही. किंवा आधीच टेबलावर सांगायचं, की पहिल्या तीन लेव्हल्सना जागीच मरण्याचा नियम आपण वापरणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. पाचव्या आवृत्तीत नियम आहे की हातातल्या शस्त्राने कुणाला शून्यावर आणलं तर मारणारा त्याच क्षणी ठरवू शकतो, ठार करायचं की नुसतं बेशुद्ध पाडायचं. हा नियम खेळाडू वापरतात, राक्षसांनाही तो लागू आहे. बगबेअरने तेवीसचा फटका उघड उघड मारला असता, मैनाक कोसळला असता, आणि बगबेअरने त्याला खांद्यावर टाकून गुहेत आत नेलं असतं. तेवीस तेवीसच राहिले असते. पुढचं सेशन त्याला सोडवण्यात गेलं असतं.

---

सोंगटी

@संभाव्य, हा नियम मला माहीत होता. त्या क्षणी सुचलाच नाही. पडद्याआड फासा दिसला आणि अर्ध्या सेकंदात तोंडातून अकरा गेलं. बदलणं इतकं सोपं असतं की दुसरं काही सुचायला वेळच उरत नाही. हे वाचून पाच मिनिटं नुसती बसले होते.

---

नवाभिडू

वाचतोय. पुढच्या महिन्यात पहिल्यांदा डीएम होतोय, ऑफिसमधल्या चौघांसाठी. संभाव्य यांचा प्रतिसाद प्रिंट काढून पडद्याला आतून चिकटवणार आहे.

---

कवडी

मी खेळाडूच्या बाजूने लिहिते, कारण आत्तापर्यंत सगळे डीएमच बोलतायत.

दोन वर्षांपूर्वी मी ठाण्याच्या एका गटात होते. माझी रेंजर पाचव्या लेव्हलला मेली. फासे वाईट पडले, तीन डेथ सेव्ह हुकले, मी स्वीकारलं. घरी येऊन रडले, पण मजाही वाटली, कारण दरवाजा अडवून उभी राहिले म्हणून बाकीचे पळू शकले. मग चार महिन्यांनी डीएमनेच गप्पांच्या ओघात सांगितलं की त्याच लढाईत त्याच्या जवळच्या मित्राच्या पॅलाडिनला दोनदा वाचवलं होतं. "कथेला तो हवा होता," म्हणाला.

म्हणजे त्या खोलीत एकाच वेळी दोन वेगळे खेळ चालू होते. पॅलाडिनच्या खेळात मरण नव्हतं आणि माझ्या खेळात होतं, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर माझ्या रेंजरचं मरणसुद्धा माझं उरलं नाही. आधी वाटायचं की ती दरवाज्यात मेली. आता वाटतं तिला मरू दिलं गेलं.

२०१४च्या पुस्तकात तो सल्ला देतानाच लिहिलंय की खेळाडूंना कळलं तर त्यांना वाटेल खरा धोकाच नाही, किंवा त्याहून वाईट, तुम्ही कुणाची तरी बाजू घेताय. त्यांनी हे "कळू देऊ नका" याचं कारण म्हणून लिहिलं. माझ्या मते ते "करू नका" याचं कारण आहे. कारण कळतंच. वहीत सापडतं, गप्पांत निघतं, डीएमच्या चेहऱ्यावर दिसतं. मोठ्या फाशानंतर डीएम जास्त वेळ थांबला की टेबलावरचे सगळे ओळखतात.

सोंगटी, तुमच्या भावाला एक विचारा. त्याच टेबलावर आणखी कुणाचं पात्र मेलंय का? मेलं असेल तर त्या खेळाडूशीही बोला.

---

अंधारवाट

फासा लपवणं आणि फासा बदलणं यांची या धाग्यात सरमिसळ होतेय.

मी कॉल ऑफ क्थुलू खेळवतो. हा भयकथांचा खेळ १९८१पासूनचा आहे, शंभरच्या फाशावर चालतो आणि यात आकडा जितका कमी तितकं चांगलं. त्यात काही फासे कीपरनेच, म्हणजे तिथल्या डीएमनेच, लपून टाकायचे असतात, उदाहरणार्थ समोरचा माणूस खोटं बोलतोय का हे ओळखायचा फासा. खेळाडूला स्वतःचा ९७ दिसला तर कळतंच की आपलं अनुमान चुकलंय, मग तो "हा खरं बोलतोय असं मला वाटतं" हे मनापासून खेळू शकत नाही. पाथफाइंडर या खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीतही असे गुप्त फासे नियमातच आहेत. इथे पडदा लागतोच. पण मी ९७ला २७ कधी सांगत नाही.

"कथा अडकते म्हणून बदलावं लागतं" या कारणावर तर उत्तर केव्हाच शोधून झालंय. तपासाच्या खेळात सुगावा शोधायला फासा टाकायला लावला आणि तो हुकला की सगळे ठप्प. मग कीपर खोटं बोलायचे. गमशू या पद्धतीने २००७मध्ये सरळ सांगितलं की योग्य जागी योग्य कौशल्याचा माणूस शोधत असेल तर सुगावा मिळतोच, फासा नाही. फासा पुढे, जिथे हरणंसुद्धा रंजक आहे तिथे.

आणि खेळाडूला फासा बदलायचा हक्क उघडपणे देता येतो. क्थुलूच्या सातव्या आवृत्तीत एक ऐच्छिक नियम आहे. नशिबाचे गुण खर्च करून तुम्ही तुमचा फासा हवा तेवढा खाली आणू शकता, एकाला एक. पण गुण घटतात, आणि पुढे कधीतरी नशिबाचाच फासा टाकायची वेळ येते तेव्हा ते कमी पडतात. माझ्या गटात एका बाईंनी चोवीस गुण एका दमात खर्च करून विहिरीत पडणाऱ्या मित्राचा हात धरला. सगळे बघत होते. तिने स्वतःच्या कागदावरचा आकडा खोडरबराने पुसला आणि नवा लिहिला, तो आवाजही ऐकू आला. फासा बदलला, पण तिने बदलला, आणि मोल देऊन.

---

पेठकर

ज्यांना हा प्रश्नच नको त्यांच्यासाठी: अपोकॅलिप्स वर्ल्ड (२०१०) आणि त्यावरून निघालेल्या खेळांत खेळ चालवणारा फासेच टाकत नाही. ब्लेड्स इन द डार्क (२०१७) मध्येही सगळे महत्त्वाचे फासे खेळाडूच टाकतात. पडद्याआड काही पडतच नाही, मग बदलणार काय? बेंगळुरूच्या आमच्या गटाने वर्षभर हेच खेळलं आणि नंतर डंजन्स अँड ड्रॅगन्सकडे परत आलो तेव्हा डीएमने आपण होऊन पडदा काढून ठेवला.

---

ओसरी

अवांतर, पण राहवत नाही.

लहानपणी सुट्टीत आजोळी सारीपाट खेळायचो. आजीचा एक नियम कडक होता. फासा भिंतीला किंवा कुणाच्या पायाला टेकून तिरका राहिला, तर ते दान धरायचं नाही, पुन्हा टाकायचं. पण सपाट पडलेलं दान कितीही वाईट असलं तरी धरायचं. आणि दान पडायच्या आधी ओरडायचं की तिरकं झालं तर पुन्हा. पडल्यावर ओरडलेलं चालत नसे. मामा नेहमी पडल्यावर ओरडायचा आणि आजी त्याचं काही चालू देत नसे.

आपल्याकडे फाशावरचा विश्वास उडाला की काय होतं हे कुणाला सांगायला नको. महाभारतातलं द्यूत आपल्याला आठवतं ते युधिष्ठिर हरला म्हणून कमी आणि शकुनीने कपटाने जिंकलं म्हणून जास्त. नलाच्या गोष्टीत तर कली नलाच्या अंगात शिरतो आणि द्वापर फाशांत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात हरलेला जुगारी फाशांना हात नसलेले म्हणतो, ज्यांनी हातवाल्यांना नमवलं असे. मला ती ओळ फार आवडते. सोंगटी, तुमच्या फाशाला त्या दिवशी हात फुटला. कितीही मायेचा असला तरी.

---

परसदार

कवडी यांचा प्रतिसाद वाचून झोप लागली नाही. माझ्या सहा मुलांत माझी स्वतःची मुलगीही आहे. मी तिच्यासाठी किती वेळा बदलला आणि बाकीच्यांसाठी किती वेळा, हे मला आठवत नाही. मोजलंच नाही कधी.

तरी मी पूर्ण सोडणार नाही. नऊ वर्षांच्या मुलाला हरणं पचवायला शिकवायचं की आधी खेळावर प्रेम करायला, यात मी दुसरं निवडते. पण मरण्याचा नियम या शनिवारपासून काढतेय, आणि तसं मुलांना सांगणार. कुणी शून्यावर आलं तर मरणार नाही, पण सोबत आणलेली एक वस्तू कायमची जाईल. त्यांना वस्तू जिवापेक्षा प्यारी असते, तेव्हा धोका पुरेसा राहील.

---

जालावरचा

ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी: रोलट्वेंटी किंवा फाउंड्रीवर डीएमला फासा सगळ्यांना दाखवायचा की फक्त स्वतःला, हे निवडता येतं. आमच्या गटात (दोघे पुणे, एक दुबई, एक मेलबर्न) ठरलंय की हल्ला, नुकसान आणि राक्षसांचे सेव्ह, म्हणजे बचावाचे फासे, उघडे. लपणं, ऐकू येणं, खोटं ओळखणं एवढंच झाकलेलं. तीन वर्षांत कुणाची तक्रार नाही.

---

सोंगटी

उशीर झाला लिहायला, आधी भावाकडे जाऊन यायचं होतं.

तो घरीच होता. मी वही घेऊनच गेले. तो म्हणाला त्याला मैनाक वाचल्याचा राग नाही. कॉलेजात त्याने ती बगबेअरची गोष्ट पंचवीस जणांना सांगितली होती, दर वेळी "आणि अकराच लागले, माझं नशीब" असं म्हणून. "मी सगळ्यांना खोटं सांगत होतो आणि मला माहीतच नव्हतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, चुकलं माझं. आणखी दोन ठिकाणी मी फासा बदललाय, तेही दाखवले. त्यातला एक त्याच्या विरुद्ध होता. लढाई फार लवकर संपत होती म्हणून मी ओगरचा हुकलेला फटका लागला म्हणून सांगितला होता. त्याचं त्याला पहिल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. हे मी इथे आधी लिहिलं नव्हतं, पण लिहायला हवं होतं. बदलायची सवय लागली की ती फक्त वाचवण्यापुरती राहत नाही.

कवडी, तुम्ही म्हणालात तसं बाकीच्या चौघांशीही बोलले. कुणाचं पात्र मेलेलं नाही. पण आमच्या फायटरने विचारलं, "मग आम्ही कोणीच का मेलो नाही, चौदा महिन्यांत?" तेवढ्यासाठी मी वही सगळ्यांपुढे ठेवली आणि एकेक पान चाळलं. तास गेला.

मग ठरलं ते असं. पडदा राहील, पण नकाशे आणि टिपणांसाठी. माझे फासे टेबलाच्या मध्ये. फासा टाकायच्या आधी मी मोठ्याने सांगणार, काय पडलं तर काय होईल. तेवढं सांगायला जमत नसेल तर फासा टाकायचाच नाही.

परवाच्या रविवारी तरुण हिरवा ड्रॅगन होता. त्याचा विषारी श्वास एकदा वापरला की परत भरायला दर फेरीला सहा बाजूंचा फासा टाकायचा, पाच किंवा सहा आले तर भरतो. आमची क्लेरिक आधीच शून्यावर पडलेली, दोन डेथ सेव्ह हुकलेले. पहिल्या सेशनला मैनाकला उठवणारी तीच. मैनाक आणि फायटर तिच्या शेजारी उभे. मी सांगितलं, "पाच-सहा आला तर श्वास तुम्हा तिघांवर. क्लेरिक त्यातच आहे, तिला तिसरा लागेल." माझा आवाज कापत होता. टाकला. फासा ताटाच्या कडेवर आपटला, गोल फिरला, आणि सहावर थांबला.

सगळे फाशाकडे बघत होते. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. चौदा महिन्यांत हे पहिल्यांदा झालं.

क्लेरिकची खेळाडू थोडा वेळ गप्प होती. मग तिने पात्राचा कागद घडी न घालता पिशवीत ठेवला आणि कोरा कागद मागितला. मैनाकने त्याची ती सहा पानांची वही काढली आणि सातव्या पानावर काहीतरी लिहायला घेतलं. काय ते मी विचारलं नाही.

---

तेलवात

छान केलंत. क्लेरिकला माझा नमस्कार सांगा.

---

नवाभिडू

ताई, एक बारीक प्रश्न. ताट म्हणालात ते कसलं? आमच्याकडे फासे टेबलावरून सारखे खाली जातात.

---

सोंगटी

स्टीलचं जेवायचं ताट, खोल कडेचं. पहिल्या फाशाला एवढा आवाज झाला की लगेच आत जुना टर्किश टॉवेल दुमडून घातला. आता चांगलं चालतं. टॉवेल जाड नको, फासा तिरका राहतो.